मित्रमैत्रिणींसाठी ऑनलाइन रोजनिशी सुरू करायची आहे. कुठे, कशी, आणि वाचेल कोण?

तळटीप

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

शिकत असतानाचा आमचा गट आता चहूकडे पांगलाय. भांडण वगैरे काही नाही, पण वेळाच जुळत नाहीत. एकाची रात्रपाळी, एकीचं बाळ, एक कायम प्रवासात. फोन झालाच तर निम्मा वेळ तीच बातमी नव्याने सांगण्यात जातो. मी नोकरी सोडली तेव्हा एका मैत्रिणीला साग्रसंगीत हकिगत मिळाली, दुसरीला दोन वाक्यं, आणि एकाला अजून मी तिथेच आहे असं वाटतंय. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, पण तिथे चार परिच्छेद टाकले की "निवांत वाचते गं" असं उत्तर येतं आणि तासाभरात त्यावर शुभेच्छांचा ढीग पडतो. निवांतपणा मिळेपर्यंत मजकूर कुठल्या कुठे वर गेलेला असतो.

म्हणून वाटतंय की एका जागी लिहावं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, जमेल तसं. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने वाचावं. मला फॉलोअर नकोत, जाहिराती नकोत, पैसे तर नकोतच.

अडचणी अशा:
एक, हे सगळ्या जगाने वाचायला नको आहे. दोन, आमच्यातला एकजण "अजून एक पासवर्ड सांगितलास तर मैत्री तोडेन" म्हणणारा आहे. तीन, मी बरंचसं फोनवरच लिहिणार, तेही मराठीत. चार, एक जुनी सायट बंद पडली तेव्हा माझं बरंच लिखाण तिच्यासोबत गेलं, ते पुन्हा नको. आणि पाचवी अडचण सांगायला जरा लाज वाटते: माझ्या आयुष्यात असं काय घडतंय की लोकांनी मुद्दाम येऊन वाचावं?

अनुभवी लोकांनी सांगा.

---

चटपट

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम. दोन्ही फुकट, दोन्हीकडे मराठी नीट दिसतं, दोन्हीकडे वाचक मर्यादित ठेवता येतात. जीमेल असेल तर ब्लॉगर दहा मिनिटांत सुरू. रंग, फॉन्ट, मथळ्याचं चित्र यात अडकू नका. लोक तीन दिवस थीम निवडतात आणि चौथ्या दिवशी कंटाळतात.

---

जुनं खोड

चटपट म्हणतात ते बरोबरच आहे, पण सायट ही शेवटी ठरवायची गोष्ट. आधी वाचणारे ठरवा. वहीत एका पानावर त्यांची नावं लिहून काढा. नावं दहाच्या आत असतील तर तुमचा प्रश्न अगदी सोपा आहे, आणि इंटरनेटवर ब्लॉगबद्दल जो सल्ला सापडतो त्यातला बहुतेक तुमच्या उपयोगाचा नाही. तो सल्ला अनोळखी वाचक मिळवण्यासाठी असतो. ओळखीचे वाचक टिकवायचे तर वेगळंच काही करावं लागतं.

तुम्हाला हवंय ते काही नवं नाही बरं का. लाइव्हजर्नल १९९९ मध्ये सुरू झालं ते याच कारणासाठी. ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या मुलाला आपल्या शाळेतल्या मित्रांना खबरबात कळवत राहायचं होतं. त्यामुळे तिथली सगळी रचनाच मैत्रीवर बेतलेली. प्रत्येक नोंदीवर ठरवायचं: सगळ्यांसाठी, फक्त मित्रांसाठी, मित्रांतल्या ठरावीक टोळीसाठी, की फक्त स्वतःसाठी. आणि सगळ्या मित्रांच्या ताज्या नोंदी एका पानावर एकाखाली एक दिसायच्या. मी तिथे बराच काळ लिहिलं. पुढे मालक बदलत गेले, २००७ मध्ये ते एका रशियन कंपनीकडे गेलं आणि आमची मंडळी हळूहळू उठून गेली.

त्याच्याच कोडवर ड्रीमविड्थ नावाची सायट २००९ मध्ये उघडली, ती अजून चालू आहे आणि जाहिराती घेत नाही. त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. लाइव्हजर्नलवर 'मित्र' ही एकच यादी होती. ड्रीमविड्थने तिचे दोन भाग केले: मला कुणाचं वाचायचंय ते वेगळं, आणि माझं खासगी कुणाला वाचू द्यायचंय ते वेगळं. हे साधं वाटतं, पण 'तू मला यादीतून काढलंस' या रुसव्यांचं निम्मं मूळ तिथेच गेलं. तुमच्या बाबतीत मात्र मी ड्रीमविड्थ सुचवणार नाही. सगळा कारभार इंग्रजीत, आणि बंदिस्त नोंदी वाचायला मित्रांना खातं काढावं लागेल. तुमचा पासवर्डवाला मित्र तिथेच तुटेल.

आता 'जगाने वाचायला नको' याचे तीन अर्थ होतात आणि त्यात फरक करायला हवा.

पहिला, शोधून सापडू नये. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे सर्च इंजिनांना 'इथे येऊ नका' सांगणारी सेटिंग असते. ती विनंती असते, कुलूप नव्हे. गूगलसारखे मोठे ती पाळतात, पण दुवा ज्याच्या हाती लागेल तो वाचू शकतो.

दुसरा, एका पासवर्डमागे ठेवणं. वर्डप्रेसवर एकेका नोंदीला पासवर्ड लावता येतो. खातं लागत नाही, सगळ्यांना एकच शब्द सांगायचा. तुमच्या गटात वर्षानुवर्षं चालत आलेलं एखादं टोपणनाव असेलच, तेच ठेवा, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. एक लक्षात असू द्या: मजकूर झाकला जातो पण शीर्षक उघडंच राहतं. तेव्हा शीर्षकात बातमी फोडू नका.

तिसरा, खरोखर बंद दार. ब्लॉगरवर फक्त निमंत्रितांना वाचता येईल असं करता येतं, एकूण १०० जणांपर्यंत. पण वाचणाऱ्याला गूगल खात्याने साइन-इन असावं लागतं. वर्डप्रेस डॉट कॉमवर खासगी सायट केली तर त्यांचं खातं लागतं. आणि ब्लॉगरवर असं बंद केलं की फीडही बंद होतं, म्हणजे नवी नोंद आल्याचं वाचकाला आपोआप कळत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यावर चालवा आणि जे खरोखर नाजूक आहे ते लिहूच नका, फोन करा. कुलूप जितकं जड, तितके वाचक कमी. मित्राला एकदा जरी 'तुम्हाला परवानगी नाही' असं पान दिसलं तरी तो पुन्हा येत नाही. तुम्हाला तसं सांगतही नाही, नुसता यायचा थांबतो.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे त्यांना कळणार कसं. लोकांना लक्षात ठेवून कुठल्या पानावर जायची सवय आता उरलेली नाही. पूर्वी आम्ही फीड रीडर वापरायचो, सगळ्यांचं नवं लिखाण एका ठिकाणी यायचं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी रोजनिश्या त्यानंतरच्या वर्षभरात वाचकांअभावी मेल्या. लिहिणारे होते, वाचणारेही होते, मधला निरोप्या गेला. फीड रीडर आजही मिळतात, मी रोज वापरतो, पण मित्रांना तो लावायला सांगणं म्हणजे पुन्हा तोच पासवर्डचा वाद.

तेव्हा निरोप्या तुम्हीच व्हा. नोंद टाकली की दुवा प्रत्येकाला वेगवेगळा पाठवा. ग्रुपवर नको, एकेकट्याला. सोबत त्या माणसापुरती एक ओळ: "तिसऱ्या परिच्छेदात तुझी आठवण काढलीय", "गुडघ्याचं पुढे काय झालं ते शेवटी आहे". दहा जणांना दहा ओळी लिहायला फार वेळ जात नाही. ग्रुपवर टाकलेला दुवा कुणाचाच नसतो. नावाने आलेला दुवा माणूस उघडतो.

आणि प्रतिक्रियांच्या चौकटीची वाट बघू नका. माझे मित्र तिथे जवळजवळ काही लिहीत नाहीत. ते फोन करतात आणि थेट मधूनच सुरू करतात, "अरे, मग त्या घरमालकाचं काय झालं?" तुम्ही म्हणालात ना, फोनचा निम्मा वेळ बातमी सांगण्यात जातो, तो वाचतो तो असा.

पाचव्या अडचणीबद्दल. मोठ्या बातम्या मित्रांना कुठूनतरी कळतातच: बढती, घर, लग्न. रोजनिशीत हवं ते बाकीचं. मला बढती मिळाल्याची नोंद लोकांनी 'वा वा' म्हणून सोडून दिली. पण प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणारा) चष्मा लागला आणि जिना उतरताना पायरी कुठे आहे ते कळेना, रेलिंग धरून एखाद्या नवरदेवासारखा सावकाश खाली आलो, असं लिहिलं तर जवळजवळ प्रत्येकाचा फोन आला. कुणाला तोच चष्मा लागला होता, कुणी लावून घ्यायला घाबरत होता, एकाने तर कपाटात टाकून दिला होता. तेव्हा काय घडलं यापेक्षा सध्या डोक्यात काय घोळतंय ते लिहा. काय वाचताय, कशावरून वैताग आलाय, काय शिकायला घेतलंय आणि जमत नाहीये. आणि मधूनच एखाद्याला नावानिशी प्रश्न विचारा. उत्तर द्यायला जागा ठेवली नाही तर ती वार्तापत्रिका होते.

---

साशंक

एवढा खटाटोप कशाला? ईमेल लिहा की. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, 'बीसीसी'त (म्हणजे एकमेकांना पत्ते दिसत नाहीत त्या रकान्यात) सगळ्यांचे, झालं. खातं नको, पासवर्ड नको, सायट बंद पडायची भीती नको. उत्तर फक्त तुम्हालाच येतं, त्यामुळे लोक मोकळेपणाने लिहितात. प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये प्रत राहते, म्हणजे बॅकअपही आपोआप. गेली काही वर्षं मी असंच करतोय आणि मला कुठलीही 'सेटिंग' माहीत नाही.

---

जुनं खोड

साशंक, तुमच्याशी निम्मा सहमत. सगळे वाचक आजच ठरलेले असतील आणि फोटो थोडे असतील तर ईमेलच उत्तम. दोन ठिकाणी ती तोकडी पडते. उद्या गटात एखादी व्यक्ती परत जोडली गेली (जोडली जातेच, कुणीतरी हरवलेलं सापडतं) तर तिला मागचं सगळं कसं देणार? आणि दुसरं, ईमेल आली की उत्तर देणं अंगावर येतं. 'नंतर सविस्तर लिहितो' म्हणत माणूस तारांकित करून ठेवतो आणि त्या ताऱ्याखालीच ती विझते. पानावर वाचलेल्याचं कर्ज वाटत नाही.

मधला मार्ग हवा असेल तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये नवी नोंद ईमेलने कळवण्यासाठी दहापर्यंत पत्ते देता येतात. पानावरच ईमेलचं वर्गणीदार व्हायची जुनी सोय होती, ती २०२१ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुने लेख वाचून ती शोधत बसू नका.

---

आडपडदा

सगळे तुमच्या खासगीपणाबद्दल बोलतायत, मी इतरांच्या बोलते.

तुमचं आयुष्य म्हणजे त्यात तुमची आई, नवरा, बॉस, शेजारी, मुलं आलीच. त्यांनी रोजनिशी सुरू केलेली नाही. माझा नियम असा की ज्याच्याबद्दल लिहिलंय तो वाचायला बसला तर मला खोलीतून उठून जावंसं वाटू नये. मैत्रिणीचा आजार, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची गेलेली नोकरी ही बातमी तिची असते. ती माझ्या पानावर आधी आली तर मी कितीही मायेने लिहिलं तरी चोरीच. गट एकच असला तरी प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक नसतं, हे तर अजिबात विसरू नका.

मुलांचं विशेष. लहान असताना गोड वाटतं, पण ते पान ती पंधरा वर्षांची होतील तेव्हाही असेल. मी मुलाचं नाव लिहीत नाही आणि चेहरा टाकत नाही. शाळेच्या गणवेशातला फोटो तर नाहीच नाही.

फोटोंबद्दल अजून एक. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट त्या फाइलमध्येच नोंदलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना ती माहिती निघून जाते, म्हणून आपल्याला सवय नसते. स्वतःच्या पानावर मूळ फाइल चढवली तर ती तशीच जाऊ शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाका, कटकट मिटली. आणि बाहेरगावी असाल तर परत आल्यावर लिहा.

नोकरीच्या ठिकाणाबद्दल काहीच लिहू नका. 'नाव घेतलं नाही' म्हणून कुणी ओळखत नाही असं होत नसतं.

---

टंकाळलेला

मराठीत लिहिणार आहात तर दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगतो.

दुव्याचा घोळ. वर्डप्रेसवर शीर्षक देवनागरीत दिलं की दुवाही त्यावरूनच तयार होतो. तो ब्राउझरमध्ये छान मराठी दिसतो, पण कॉपी करून कुणाला पाठवला की टक्केवारीची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांची दोन-तीन ओळींची माळ होते. एका देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेस हा भाग २०० चिन्हांवर कापतं, त्यामुळे बावीसेक चिन्हांपलीकडचं शीर्षक दुव्यात अर्धवटच राहतं. पाहणाऱ्याला वाटतं की काहीतरी व्हायरस आलाय. तुमचा पासवर्डवाला मित्र तर क्लिक करणारच नाही. उपाय सोपा: प्रसिद्ध करण्याआधी दुव्याच्या जागी रोमन लिपीत एक छोटा शब्द टाका. ब्लॉगरवर उलट होतं, देवनागरी शीर्षकाचं त्याला काहीच कळत नाही आणि तो 'ब्लॉग पोस्ट' असा ठोकळेबाज दुवा बनवतो. तिथेही स्वतःचा दुवा द्यायची सोय आहे, पण प्रसिद्ध करण्याआधी. नंतर शीर्षक कितीही बदला, दुवा तोच राहतो.

दुसरं, संगणकावर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, कृतिदेव वगैरे) लिहायची सवय असेल तर तिथला मजकूर थेट चिकटवू नका. ते युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) नाही, समोरच्याला अगम्य चिन्हं दिसतील. फोनवर हा प्रश्न येत नाही, जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) जे उमटतं ते युनिकोडच. बोलून टाइप करायची सोयही तिथेच आहे. मी चालता चालता कच्चा खर्डा बोलून घेतो आणि बसून दुरुस्त करतो. विरामचिन्हं मात्र हातानेच घालावी लागतात आणि 'आणि' हा शब्द भयानक वेळा आलेला असतो.

खर्डा नेहमी नोट्समध्ये लिहा, थेट सायटीवर नको. नेट गेलं की मजकूर जातो, आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं पहिल्याइतकं चांगलं होत नाही.

---

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नावांची यादी केली. नऊ भरली. त्यातली दोन लिहिताना हात जरा थांबला, त्यांना बहुतेक आधी साधा फोनच करायला हवा. ब्लॉगर घेतेय, शोधात न येणारं, उघडं. आडपडदा, तुमचा खोलीतून उठून जायचा नियम मी ढापला आहे.

आता नवाच पेच. एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणते, "मग एकच काढू ना, सगळे मिळून लिहू." कल्पना आवडली, पण मनात धाकधूकही आहे. कुणी केलंय असं?

---

चटपट

तांत्रिकदृष्ट्या काही अडचण नाही. ब्लॉगरवर लेखक म्हणून निमंत्रण पाठवा, संपलं.

---

साशंक

उत्साहाने सगळे हो म्हणतील आणि लिहाल तुम्ही एकट्या. मग त्यांना अपराधी वाटेल आणि ते वाचायचेही बंद होतील. माझं ऐका, ईमेल.

---

जुनं खोड

साशंक यांचा ईमेलचा हट्ट सोडला तर भाकीत बरोबर आहे. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. सामायिक पानावर लिहिणाऱ्याला सतत वाटत राहतं की आपलाच नंबर परत परत येतोय, थोडं थांबू. असं थांबता थांबता ते पान बंद पडतं. स्वतःच्या पानावर कुणाची पाळी नसते. म्हणून मैत्रिणीला सांगा, तू तुझं काढ, मी तुझं वाचेन. ती खरंच लिहिणार असेल तर काढेल. तुमच्या पानाच्या कडेला तिच्या पानाचा दुवा लावा, ब्लॉगरवर 'माझी ब्लॉगसूची' अशा अर्थाचं गॅझेट आहे, त्यात तिची ताजी नोंद आपोआप वर येते. दोघी-तिघी झाल्या की जुनं लाइव्हजर्नलचं पान तुमचं तुम्हीच तयार केलंत असं समजा.

तरीही तिला तुमच्याच पानावर एखाद्या वेळी लिहायचं असेल तर लिहू द्या, पाहुणी म्हणून.

आणि जुन्या सायटीचं तुमचं दुःख राहून गेलं, त्याबद्दल. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, सगळ्या नोंदींची एक फाइल उतरते. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, त्यामुळे मूळ फोटो फोनवरून पुसण्याआधी कुठेतरी वेगळे ठेवा. वर्डप्रेसच्या फाइलचंही तसंच. दुसरं, या कामासाठी वेगळं नवीन जीमेल खातं काढायचा मोह होईल, काढू नका. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, २०२३ पासून त्यांचं तसं धोरण आहे. रोजच्या खात्यावरूनच सुरू करा आणि तुमच्या त्या मैत्रिणीलाही अ‍ॅडमिन करून ठेवा, म्हणजे तुमचं खातं कधी अडकलंच तर तिला पान उघडता येईल.

---

तळटीप

अ‍ॅडमिन केलं. निमंत्रण तिच्या स्पॅममध्ये सापडलं.

---

टंकाळलेला

पहिल्या नोंदीचा दुवा रोमनमध्ये टाकलात ना?

---

तळटीप

अजून प्रसिद्ध केलेली नाही, बरं झालं आठवण केलीत.